पीएस-टू पेनड्राइव्ह पकडत नसेल तर : ओपीएल बसवण्याचा बरोबर क्रम

फ्री एमसीबूट (कन्सोल चालू होताच आपला मेन्यू उघडणारा प्रोग्रॅम) घातलेलं मेमरी कार्ड, जुना प्लेस्टेशन २ आणि एक पेनड्राइव्ह एवढं हाताशी असलं की ओपन पीएस-टू लोडर, म्हणजे पेनड्राइव्हवरून गेम चालवणारं ओपीएल, चालायला हवं. प्रत्यक्षात मात्र इंदूरच्या आपल्या मराठी घरांतून एकच प्रश्न फिरून फिरून येतो: ‘पेनड्राइव्ह पकडतच नाहीये, कार्ड पुन्हा मारून (म्हणजे नव्याने लिहून) घेऊ का?’ घेऊ नका. कार्डवरचा मेन्यू उघडत असेल तर कार्डाने आपलं काम केलेलं आहे. दोष बहुतेक वेळा पेनड्राइव्हमध्ये, त्याच्या फॉरमॅटमध्ये किंवा फाइल कॉपी करण्याच्या पद्धतीत असतो, आणि तो संगणकावर बसूनच सापडतो.

खालचा क्रम मोडू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला. पेनड्राइव्ह, ओपीएलची आवृत्ती आणि सेटिंग असं तिन्ही एकदम बदललं आणि गेम चालला, तर कशामुळे चालला हे कळत नाही, आणि पुढच्या खेपेला सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

इथले गेम तुमच्या स्वतःच्या डिस्कवरून काढलेले आहेत असं धरलं आहे. संगणकाला डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर इमेजबर्नसारख्या प्रोग्रॅमने डिस्कची आयएसओ फाइल, म्हणजे सगळ्या डिस्कची एकाच फाइलमधली नक्कल, करता येते. ओरखडे पडलेल्या डिस्कची फाइल वाचताना चूक दाखवली गेली तर ती फाइल पुढे वापरू नका. तिच्यामुळे येणारी अडचण पेनड्राइव्हच्या अडचणीसारखीच दिसते.

१. गाडी कुठे अडली आहे ते आधी ठरवा

पडद्यावर नेमकं काय दिसतं ते पाहा. त्यावरून पुढे कुठे जायचं ते ठरेल.

कन्सोल चालू केल्यावर फ्री एमसीबूटचा मेन्यूच येत नसेल तर अडचण कार्डाची किंवा कन्सोलच्या मॉडेलची आहे. पायरी ४ पाहा.

मेन्यू येतो, त्यातलं यूलॉन्चही (कन्सोलवर फाइल बघायचा प्रोग्रॅम) उघडतं, पण त्यातल्या फाइल ब्राउझरमध्ये ‘मास’ (म्हणजे पेनड्राइव्ह) नावाचं साधन रिकामं दिसतं किंवा उघडतच नाही. ही पायरी २, ३ आणि ५ ची गोष्ट. सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात.

यूलॉन्चमध्ये फाइल दिसतात, पण ओपीएलची यादी रिकामी राहते. तर फोल्डर किंवा सेटिंग चुकलं आहे. पायरी ६ आणि ७.

यादीत नाव दिसतं, पण गेम सुरू करताच पडदा पांढरा किंवा काळा होऊन थांबतो. तेव्हा आधी फाइल तुकड्यांत पडली आहे का ते बघा (पायरी ६), आणि त्यानंतरच गेमच्या सेटिंगला हात लावा.

२. पेनड्राइव्ह खरा आहे का?

पीएस-टूचे यूएसबी पोर्ट १.१ जातीचे आहेत. कागदावर वेग सेकंदाला १२ मेगाबिट, म्हणजे जेमतेम दीड मेगाबाइट, आणि हातात पडतो त्याहून कमी. त्यामुळे महागडा, वेगवान पेनड्राइव्ह घेऊन काहीही मिळत नाही. उलट काही यूएसबी ३.० पेनड्राइव्ह इतक्या जुन्या पोर्टवर ओळखलेच जात नाहीत. साधा यूएसबी २.० चा, १६ किंवा ३२ जीबीचा, नावाजलेल्या कंपनीचा पेनड्राइव्ह पुरे.

तो जेल रोडवरून आणा नाहीतर ऑनलाइन मागवा, बिल मात्र घ्या आणि त्याच दिवशी तपासा. बाजारात खोटी क्षमता दाखवणारे पेनड्राइव्ह असतात. आत ८ जीबीची चिप असते आणि कंट्रोलर संगणकाला ६४ जीबी सांगतो. पहिले दोन-तीन गेम व्यवस्थित चालतात, कारण ते खऱ्या जागेत बसलेले असतात. त्यापुढचा डेटा कुठेच टिकत नाही, पण विंडोज कॉपी पूर्ण झाली म्हणून सांगतं. मग ‘हाच गेम चालतो, तो चालत नाही’ असं म्हणत माणूस आठवडाभर ओपीएलची सेटिंग उलटीपालटी करत बसतो.

तपासायचं असं:

पेनड्राइव्ह पूर्ण रिकामा करा. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू हा छोटा मोफत प्रोग्रॅम चालवा. लिनक्सवर एफ-थ्री आहे. हा प्रोग्रॅम सगळी मोकळी जागा ओळखीच्या डेटाने भरतो आणि मग तो परत वाचून ताडतो. ३२ जीबीला तास-दीड तास सहज लागतो. चाचणी लावून सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाऊन यायला हरकत नाही, फक्त त्या वेळात संगणक झोपणार नाही असं सेटिंग करून जा. शेवटी एकही चूक नाही असा निकाल आला तर पुढे चला. एक जरी चूक आली तरी तो पेनड्राइव्ह या कामासाठी बाद. ‘सुरुवातीचे ७ जीबी तर चांगले आहेत ना’ असा हिशेब करू नका.

*तपासा:* चाचणीने तयार केलेल्या फाइल नंतर काढून टाकायच्या असतात. पुढच्या पायरीत फॉरमॅट होणारच आहे, त्यामुळे वेगळं पुसण्याची गरज नाही.

३. विभाजन आणि फॉरमॅट

बहुतेक चुका इथे होतात, म्हणून जरा सावकाश.

फॉरमॅट म्हटलं की लोक ड्राइव्हवर उजवी क्लिक करून ‘फॉरमॅट’ दाबतात. त्याने फक्त त्या विभागातली फाइल सिस्टिम बदलते. विभागांचा (पार्टिशनचा) तक्ता पूर्वीचाच राहतो. पेनड्राइव्ह आधी विंडोज किंवा लिनक्स बसवायला वापरला असेल तर त्यावर जीपीटी या नव्या पद्धतीचा तक्ता किंवा लपलेला छोटा विभाग उरलेला असू शकतो. संगणक त्यातून वाट काढतो, जुना कन्सोल काढत नाही. त्याला हवं ते असं: एमबीआर या जुन्या पद्धतीचा तक्ता, एकच प्रायमरी विभाग, आणि फॅट३२ फाइल सिस्टिम.

आता एक्सफॅट या दुसऱ्या फाइल सिस्टिमबद्दल. ओपीएलच्या नव्या आवृत्त्या एक्सफॅट वाचतात हे खरं आहे, आणि त्यामुळे ४ जीबीहून मोठ्या फाइलची कटकट संपते हेही खरं. पण यूलॉन्चच्या जुन्या आवृत्त्यांना एक्सफॅट कळत नाही. तुम्ही ओपीएलची फाइल एक्सफॅट पेनड्राइव्हवर ठेवता, ती यूलॉन्चमधून उघडायला जाता, तिथे काहीच दिसत नाही, आणि निष्कर्ष काढता की पोर्ट गेलं. पोर्ट ठणठणीत असतं. पहिल्यांदा बसवताना फॅट३२च ठेवा. सगळं चालू लागलं, ओपीएल कार्डवर बसलं, की मग वाटल्यास एक्सफॅटकडे वळा.

सोपा मार्ग रूफस या मोफत प्रोग्रॅमचा:

१) बाकीचे सगळे पेनड्राइव्ह आणि बाहेरच्या हार्ड डिस्क संगणकापासून काढून ठेवा. चुकीची डिस्क पुसली जाण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे दुसरी डिस्क लावलेली असणं.
२) रूफस उघडून वर योग्य पेनड्राइव्ह निवडा. क्षमता वाचून खात्री करा.
३) बूट सिलेक्शनमध्ये ‘नॉन बूटेबल’ निवडा.
४) पार्टिशन स्कीम एमबीआर.
५) फाइल सिस्टिम फॅट३२. क्लस्टरचा आकार रूफस सुचवेल तोच ठेवा.
६) नाव छोटं आणि इंग्रजी अक्षरांत द्या. स्टार्ट दाबा.

३२ जीबीपेक्षा मोठ्या पेनड्राइव्हला विंडोजची नेहमीची फॉरमॅट खिडकी फॅट३२चा पर्यायच देत नाही. म्हणून ६४ जीबीवाले लोक नाइलाजाने एक्सफॅट किंवा एनटीएफएस निवडतात. एनटीएफएस तर पूर्ण विसरा. रूफस मोठ्या पेनड्राइव्हलाही फॅट३२ करून देतं.

*तपासा:* विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट उघडा. पेनड्राइव्हच्या पट्टीत एकच निळा विभाग दिसला पाहिजे. शेजारी ‘अनअलोकेटेड’ असा मोठा काळा तुकडा किंवा दुसरा विभाग दिसला तर ही पायरी पुन्हा करा.

*सावधान:* पेनड्राइव्ह काढताना दर वेळी ‘सेफली रिमूव्ह’ करा. नाहीतर शेवटचा डेटा लिहायचा राहतो. पेनड्राइव्हवर ‘फाउंड’ नावाचं, शून्याचे आकडे जोडलेलं फोल्डर दिसू लागलं तर विंडोजच्या दुरुस्तीत तुटलेले तुकडे सापडलेत असं समजा. त्यावरचे गेम भरवशाचे राहत नाहीत.

४. मेमरी कार्ड

मेन्यू येत असेल तर ही पायरी सोडा.

कार्ड मॅजिकगेट (सोनीची कार्डासाठीची सुरक्षा पद्धत) मानणारं हवं. सोनीचं मूळ ८ एमबीचं कार्ड सगळ्यात बिनधोक. ३२ किंवा ६४ एमबी लिहिलेली अनोळखी कार्डं इन्स्टॉलर चालवताना किंवा नंतर काही दिवसांनी दगा देतात.

तयार कार्ड विकत घेताना ते ‘मल्टी इन्स्टॉल’ आहे का ते विचारा. या प्रकारात सगळ्या मॉडेलांवर चालावं म्हणून एकाच डेटाकडे अनेक नोंदी वळवलेल्या असतात. म्हणजे कार्डची फाइल सिस्टिम मुद्दाम वाकवलेली असते. असं कार्ड चालतं, पण त्यावरच्या फाइल एकेक करून पुसल्या किंवा बदलल्या की सगळंच ढासळतं. स्वतः बसवत असाल तर नेहमीचं इन्स्टॉलेशनच करा.

आणखी एक. कन्सोलच्या मागे मॉडेल क्रमांक वाचा. ९०००० मालिकेतल्या उशिरा निघालेल्या, बायॉस (कन्सोलचा आतला मूळ प्रोग्रॅम) २.३० असलेल्या कन्सोलवर फ्री एमसीबूट चालतच नाही. तिथे ओपनटूना (तेच काम करणारा दुसरा प्रोग्रॅम) वापरावं लागतं. त्या मॉडेलवर कार्डामागून कार्ड बदलत बसलेली माणसं आहेत, आणि त्यांना हे कोणी सांगितलेलं नसतं.

५. आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहा

ओपीएल लगेच कार्डवर बसवायचं नाही. पेनड्राइव्हच्या मुळाशी, कुठल्याही फोल्डरमध्ये न टाकता, ओपीएलची ईएलएफ फाइल (कन्सोल चालवतो ती प्रोग्रॅमची फाइल) ठेवा. झिप फाइल तशीच टाकू नका, आधी उघडून घ्या. झिप उघडल्यावर फोल्डरात फोल्डर तयार होतं, आणि लोक बाहेरचं फोल्डर उचलून टाकतात. कॉपी झाल्यावर पेनड्राइव्ह उघडून ती फाइल पहिल्याच नजरेला दिसते ना, हे पाहा.

मग कन्सोल बंद असताना पेनड्राइव्ह लावा. पुढच्या दोनपैकी कुठलंही पोर्ट चालेल, पण दुसऱ्या पोर्टमध्ये काहीही नको. कन्सोल चालू करून यूलॉन्चमध्ये फाइल ब्राउझर उघडा, ‘मास’ निवडा आणि थांबा. यूएसबीचे ड्रायव्हर इथे पहिल्यांदा जागे होतात, त्याला काही सेकंद लागतात. रिकामं दिसलं तर एकदा मागे येऊन पुन्हा आत जा.

तरीही रिकामं? तर याच क्रमाने:

दुसरं पोर्ट. मग पोर्टची आतली पाती वाकली आहे का, धूळ भरली आहे का ते. वर्षानुवर्षं कपाटावर पडलेल्या कन्सोलमध्ये काय काय सापडतं ते विचारू नका. कोरडा मऊ ब्रश पुरतो, ओलं काही नको. मग दुसरा पेनड्राइव्ह, तोही पायरी ३ प्रमाणे केलेला. आणि मग वीज.

विजेचं असं. बाहेरचा अ‍ॅडॉप्टर असलेल्या स्लिम मॉडेलना साडेआठ व्होल्ट लागतात. मूळ अ‍ॅडॉप्टर हरवला म्हणून कुठलाही ‘बसतोय ना’ असा लावला असेल, तर कन्सोल चालू होतो, पण यूएसबीवर भार आला की डळमळतो. व्होल्ट तेवढेच आणि अ‍ॅम्पियर मूळपेक्षा कमी नको. हार्ड डिस्कवाल्यांसाठी तर हे फारच महत्त्वाचं. अडीच इंची पोर्टेबल हार्ड डिस्क फिरायला सुरू होताना पोर्टच्या ५०० मिलीअ‍ॅम्पियरपेक्षा जास्त मागू शकते. टिकटिक आवाज, दिवा लागून विझणं, यादी अर्धवट येणं ही तिची लक्षणं. स्वतःची वीज घेणारी हार्ड डिस्क वापरा.

*तपासा:* ‘मास’मध्ये ओपीएलची फाइल दिसली आणि ती उघडून ओपीएलचा पडदा आला, तर पेनड्राइव्ह, फॉरमॅट, पोर्ट आणि वीज चारही ठीक आहेत. यापुढे त्यांच्यावर संशय घेऊ नका.

६. गेमची फाइल कॉपी करणं

दोन फोल्डर लागतात, सीडी आणि डीव्हीडी, नावं इंग्रजी मोठ्या अक्षरांत. ओपीएलमध्ये यूएसबी चालू करून (कसं ते पायरी ७ मध्ये) एकदा उघडलं की ओपीएल ही फोल्डर स्वतः तयार करतं. त्यालाच करू द्या. नाव टाइप करताना होणारी चूक टळते, आणि पेनड्राइव्हवर लिहिता येतंय याचीही खात्री होते.

मूळ डिस्कची खालची बाजू निळसर असेल तर ती सीडी, चंदेरी असेल तर डीव्हीडी. आयएसओ त्याप्रमाणे त्या त्या फोल्डरात. सीडीची फाइल बिन आणि क्यू अशा जोडीत असेल तर आधी आयएसओत बदला.

फॅट३२वर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसत नाही. विंडोज ‘फाइल फार मोठी आहे’ म्हणून अडवतं तेव्हा पेनड्राइव्हवर २० जीबी मोकळे असतात, आणि लोक गोंधळतात. जागा आहे, पण एका फाइलला एवढी मोठी नोंद करायची सोय या फाइल सिस्टिममध्ये नाही. अशा गेमसाठी यूएसबीयुटिल हा संगणकावरचा प्रोग्रॅम वापरतात. तो फाइलचे तुकडे करतो आणि यूएल नावाची सीएफजी फाइल पेनड्राइव्हच्या मुळाशी ठेवतो. हे तुकडे हाताने इकडेतिकडे हलवायचे नाहीत, नावं बदलायची नाहीत. गॉड ऑफ वॉर २ सारखा दोन थरांच्या डीव्हीडीवरचा गेम असेल तर याला पर्याय नाही, नाहीतर एक्सफॅट.

आता सगळ्यात फसवा भाग: तुकड्यांत पडलेली फाइल. तुम्ही दीड जीबीचा गेम पुसून तीन जीबीचा टाकता. फाइल सिस्टिम त्याचा अर्धा भाग मोकळ्या झालेल्या जागेत आणि उरलेला शेवटी नेऊन बसवते. संगणकाला फरक पडत नाही. ओपीएलला मात्र फाइल सलग लागते. जुन्या आवृत्त्या तर तुकडे दिसताच थांबतात, आणि नव्याही थोडेच तुकडे सहन करतात. यादीत नाव दिसतं आणि सुरू करताच पडदा पांढरा होतो, त्यामागे बरेचदा हेच असतं.

उपाय साधा आहे, पण अर्धवट करायचा नाही:

१) पेनड्राइव्हवरचं सगळं संगणकावर उतरवून घ्या.
२) क्विक फॉरमॅट करा (तक्ता आधीच ठीक असल्यामुळे उजवी क्लिक चालेल, फॅट३२च ठेवून).
३) आधी ओपीएलची फाइल, मग गेम, एका वेळी एकच. पहिली कॉपी पूर्ण झाल्याशिवाय दुसरी ओढायची नाही. दोन कॉपी एकदम चालल्या तर दोन्ही फाइल एकमेकींत मिसळत लिहिल्या जातात.
४) सेफली रिमूव्ह.

पुढे गेम बदलायचा झाला तर एक पुसून एक टाकण्यापेक्षा हेच पुन्हा करा. कंटाळवाणं आहे, मान्य. पण दिवाळीच्या सुट्टीत भाचेमंडळी समोर बसलेली असताना पांढऱ्या पडद्याकडे बघत बसण्यापेक्षा बरं.

७. ओपीएलची सेटिंग

सेटिंगमध्ये यूएसबीचा स्टार्ट मोड शोधा. नव्या आवृत्त्यांत तो बीडीएम नावाखाली असतो. तो ‘ऑटो’ करा. मूळ स्थितीत तो बंद असला तर यादी रिकामीच राहणार, कितीही पेनड्राइव्ह बदला. ‘ओके’ दाबल्यावर काम संपत नाही. मुख्य मेन्यूत येऊन ‘सेव्ह चेंजेस’ वेगळं दाबावं लागतं. ते राहिलं की आज दिसलेली यादी उद्या गायब.

ओपीएलची आवृत्ती बदलली असेल तर मेमरी कार्डवरचं ओपीएल नावाचं फोल्डर यूलॉन्चमधून काढून टाका (आर१ दाबल्यावर मेन्यू येतो) आणि सेटिंग नव्याने करा. मात्र कार्ड मल्टी इन्स्टॉलचं असेल तर पायरी ४ मधली सूचना आठवा आणि हे करू नका. दुसऱ्या कार्डवर सेटिंग ठेवा.

सगळं चाललं की मगच ईएलएफ फाइल यूलॉन्चमधून कार्डवर कॉपी करा आणि फ्री एमसीबूटच्या कॉन्फिगरेटरमध्ये तिचा मार्ग नोंदवा.

८. तरीही एखादाच गेम अडतो

बाकीचे गेम चालतात आणि एकच अडतो, तर स्टोरेज सोडा. त्या गेमच्या सेटिंगमध्ये कंपॅटिबिलिटी मोड आहेत. मोड १ पासून एकेक करून पाहा, एकदम तीन-चार लावू नका. मोड ५ हा दोन थरांच्या डीव्हीडीसाठी आहे.

मधले व्हिडिओ अडखळतात, आवाज तुटतो, पण खेळताना ठीक आहे? ही चूक नाही. कन्सोलचा डीव्हीडी ड्राइव्ह चौपट वेगाला सेकंदाला पाच मेगाबाइटच्या वर वाचतो, आणि यूएसबी १.१ त्याच्या पासंगालाही पुरत नाही. पेनड्राइव्ह बदलून हे सुटणार नाही. मोड ४ व्हिडिओ वगळतो, तो चालत असेल तर वापरा. वेग हवाच असेल तर मेमरी कार्डच्या दुसऱ्या खाचेत बसणारा एमएक्सफोरएसआयओ अ‍ॅडॉप्टर आणि मायक्रो एसडी कार्ड घ्या, किंवा जाड मॉडेल असेल तर नेटवर्क अ‍ॅडॉप्टर लावून आत हार्ड डिस्क बसवा.

आतल्या हार्ड डिस्कबद्दल एकच ताकीद. ती यूलॉन्चमधल्या एचडीडी मॅनेजरने फॉरमॅट होते आणि तिची रचना विंडोजला कळत नाही. ती पुढे कधी संगणकाला जोडलीत की विंडोज लगेच ‘ही डिस्क इनिशियलाइज करू का?’ असं विचारतं. ‘हो’ म्हटलंत की सगळे गेम गेले. कॅन्सल दाबा.